उपयोग काय, हे न विचारता

जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात परदेशवारीचं आता फारसं अप्रूप राहिलेलं नाही. नारायणगावचा द्राक्षवाला इस्राएलचं ठिबक पाहून येतो, मंचरकडचा कोणी नेदरलँड्सची काचघरं पाहून येतो आणि पुढचे सहा महिने पारावर त्याचीच चर्चा चालते. राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांची योजनाच आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चाची निम्मी रक्कम अनुदान म्हणून मिळते. अर्जदाराच्या नावावर सातबारा आणि आठ-अ लागतो. एका कुटुंबातून एकालाच जाता येतं. योजना चांगली आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण या दौऱ्यांमागं जे गृहीत धरलेलं असतं, त्याच्याशी मला वाद घालायचा आहे. माणूस परदेशी जाणार तो काहीतरी शिकायला, शिकलेलं शेतात उतरवायला, आणि जाणार तो जथ्यानं. आराम हा शब्द कुठल्याच अर्जात नसतो. जो काही आराम होतो, तो दोन फार्मच्या मधल्या बसप्रवासात, खिडकीला डोकं टेकवून.

मला वाटतं, माणसानं एकट्यानं परदेशी जावं, आराम करायला जावं, आणि तिथं असं काहीतरी शिकावं ज्याचा घरी परतल्यावर काडीचा उपयोग नाही. हे शिकणं हाच आराम. आणि या दोन तालुक्यांत त्याची सर्वांत जास्त गरज जिला आहे, तिचं नाव सातबाऱ्यावर बहुधा नसतं.

'माणसं शिकायची हौस म्हणून रजा काढतात' ही काही मुंबई-पुण्याची फॅशन नाही. या हौशीवर तर जुन्नर तालुका कमाई करतो. २०१८ मध्ये सरकारनं जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्याआधीपासूनच राजुरीच्या पराशर कृषी पर्यटन केंद्रासारख्या ठिकाणी शहरातली माणसं, अधूनमधून परदेशी पाहुणेही, पैसे मोजून राहायला येत होती. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं आणि अशा घरांना सरकारी मान्यता मिळाली. पाहुणे काय करतात? गायीची धार काढून पाहतात, खुरपं धरून पाहतात, बैलगाडीत बसतात, आणि सगळ्यांना हमखास हवी असते ती स्वयंपाकघरातली शिकवणी.

मासवडीचंच घ्या. बेसनाचा घट्ट गोळा शिजवून गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचा, हात पाण्यात बुडवत, कारण चटका बसतो. त्यावर तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा आणि लसूण यांचं सारण पसरायचं. मग फडक्याचं टोक उचलून एका झटक्यात दुमडायचं आणि दोन्ही तळव्यांनी दाबत माशासारखा आकार आणायचा. दुमडताना हात अडखळला की वडी फाटते आणि सारण बाहेर येतं. पाहुणीची वडी फाटते. सगळे हसतात, पाहुणी सर्वांत जास्त हसते, फाटलेल्या वडीचा फोटो काढते, आणि शेजारी उभी असलेली घरधनीण, "जमंल की, पुन्यांदा करा," असं म्हणत तिच्या नकळत वडी सावरून घेते. तासाभरानं रश्श्यात वड्या पडतात. पाहुणी म्हणते, इतकं मोकळं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. ती खोटं बोलत नसते.

आता त्याच ओट्यावरच्या दुसऱ्या बाईकडे पाहू. तीच परात, तेच फडकं, तोच चटका. तिला मोकळं वाटतं का? पाहुण्यांची पंगत उठल्यावर खरकटं तिनंच काढायचं असतं. शिवाय तिची वडी फाटली तर कोणी फोटो काढत नाही. सासूबाई बघतात, फक्त बघतात.

म्हणजे आराम कामात नसतो आणि काम न करण्यातही नसतो. काम सोडून देण्याची मुभा कोणाला आहे, यावर तो ठरतो. पाहुणीला बिघडवण्याची मुभा आहे, मधेच उठून झाडाखाली जाऊन बसण्याची आहे, आणि परवा पुण्याला परत जाण्याची तर आहेच. रात्री आकाशातले तारे पाहायला पाहुणे उसाच्या कडेला खुर्च्या टाकतात. त्याच उसात रात्रपाळीची लाईट आली म्हणून मालक बॅटरी घेऊन दारं धरायला जातो, आणि उसात बिबट्या आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. एकासाठी ती रात्र सहल, दुसऱ्यासाठी रोजची धास्ती. (बिबट्या दाखवा म्हणून हट्ट धरणाऱ्या पाहुण्यांविषयी एक स्वतंत्र लेख लिहिता येईल, आणि तो सौम्य नसेल.)

थकवा उतरतो कसा, यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ साबीने सोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रित्स यांनी बरंच काम केलं आहे. २००७ मध्ये त्यांनी चार गोष्टी मांडल्या: कामातून मन सुटणं, शरीर-मन सैलावणं, स्वतःच्या वेळेवर स्वतःचा ताबा असणं, आणि चौथी, जी आपण विसरतो, एखादी नवी गोष्ट जमू लागल्याचा अनुभव. नुसतं पडून राहिल्यानं शीण जातोच असं नाही, हे आपल्याकडे प्रत्येक बाईला माहीत आहे. दुपारी अंग टाकलं तरी डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा आणि उद्याच्या मजुरांचा हिशेब चालूच असतो. हात नव्या, अनोळखी कामात गुंतले की तो हिशेब थांबतो. एकाच वेळी चाकावरची माती सावरायची आणि टोमॅटोच्या क्रेट मोजायच्या, हे कोणालाच जमत नाही.

जगात हे ओळखून लोकांनी व्यवस्था उभ्या केल्या. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड नावाच्या लंडनच्या एका नोकरदार बाईनं शहरी माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर राबायला पाठवण्याचा उपक्रम सुरू केला. आज तो 'वूफ' या नावानं जगभर चालतो: काम करा, शिका, जेवण आणि मुक्काम फुकट. डेन्मार्कात तर १८४४ मध्ये रोडिंगला पहिलं लोकविद्यालय निघालं, ग्रुंटविग यांच्या विचारातून. तिथं राहायचं, शिकायचं, पण परीक्षा नाही आणि पदवी नाही. ती विद्यालयं आधी कोणासाठी होती? शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. गावाकडच्या माणसाला उपयोगापलीकडचं शिकण्याचा हक्क आहे, हे त्या देशानं पावणेदोनशे वर्षांपूर्वी मान्य केलं. आपण अजून 'कौशल्य विकास' याच्या पुढं सरकलेलो नाही, आणि त्यातही बाईच्या वाट्याला शिवणकाम आणि पापड.

पण इतक्या लांब कशाला जायचं? जुन्नरच्या डोंगरांतच याचा पुरावा कोरलेला आहे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी मिळून इथं दोनशेच्या वर लेणी आहेत. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी भटकंती थांबवून एका जागी राहायचं, अध्ययन करायचं, हा वर्षावास. डोंगरातल्या त्या छोट्या खोल्या, दगडी बाकाचं अंथरूण, बाहेर पाण्याची पोढी, सगळी तयारी थांबण्यासाठी आणि शिकण्यासाठी. खर्च कोणी केला हेही भिंतींवर लिहिलेलं आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे उल्लेख आहेत. यवनांनीही दान दिलं: इरिलानं पाण्याच्या टाक्या, चिटानं भोजनमंडप. यवन म्हणजे नेमके कोण यावर विद्वानांनी भांडत राहावं. मला त्या लेखांतला आणखी एक उल्लेख जास्त मोलाचा वाटतो: गावात धम्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणींसाठी उपाश्रय होता. म्हणजे सातवाहनांच्या काळात जुन्नरच्या पेठेत अशी एक जागा होती, जिथं बाई कोणाची बायको किंवा सून म्हणून राहत नसे, आणि जिथं तिचा वेळ शिकण्याचा होता. भिक्षुणी होणं आणि पंधरा दिवसांची रजा काढणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला कबूल. पण समाजानं आपल्या खर्चानं बाईच्या अध्ययनाची सोय केली होती एवढं तर त्यातून दिसतं. आज नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात मंगल कार्यालयं किती आहेत ते मोजा, आणि बाईला आठ दिवस एकटीनं राहून काही शिकता येईल अशी एक तरी खोली शोधून दाखवा.

आता परदेशच का? इथं, पुण्यात, फार तर कोकणात का नको? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर हौस एवढंच नाही. आपल्या भागात चाळिशी-पन्नाशीत नवीन काही शिकणं हा गावाचा तमाशा असतो. चाळिशीतल्या बाईनं स्कूटी शिकायला घेतली तर मैदानाच्या कडेला चार पोरं उभी राहतात. विहिरीत पोहायला उतरली तर त्याची बातमी तालुकाभर. पुण्यातही कोणीतरी आत्या असते, हडपसरला दीर असतो, आणि "जेवायलाच ये" या एका वाक्यात आठवडा संपतो. नवशिका माणूस हास्यास्पद दिसणारच. पण हसणारे उद्या चौकात भेटणार नसतील तर हास्यास्पद दिसण्यात मजा आहे. चियांग माईच्या पाककृती वर्गात दगडी खलात गवती चहा, गलंगल आणि मिरच्या कुटणाऱ्या बाईला तिथल्या मास्तरीणबाई एवढंच विचारणार, हात दुखतोय का. तिचा मुलगा दहावीला किती टक्क्यांनी पास झाला हे तिथं कोणाला माहीत नाही. व्हिएतनामच्या होई आनमध्ये कंदील करायला शिकताना बांबूची काडी मोडली तर सासरची अब्रू जात नाही. ओळख नसणं ही चैन आहे, आणि खेड्यात राहणाऱ्याला ती बाजारात मिळत नाही. तिच्यासाठी सीमाच ओलांडावी लागते.

आणि एकटीच का? कारण नवरा बरोबर असेल तर बाई तिथंही चहा करते. हॉटेलात किटली असते ना खोलीत. मराठी टूर कंपन्यांनी महिलांसाठी खास सहली काढल्या आणि त्यांनी हजारो बायकांना पहिल्यांदा घराबाहेर काढलं, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण सात दिवसांत चार शहरं, पहाटे साडेपाचला सूटकेस दाराबाहेर आणि रात्री थालीपीठ, यात शिकणं बसत नाही, आरामही बसत नाही. शिवाय जथ्यात गेलेली बाई जथ्यातली भूमिका बरोबर घेऊन जाते. जी घरी सगळ्यांचं करते, ती बसमध्येही सगळ्यांच्या गोळ्या सांभाळते.

मराठी मनाला एकटी परदेशी गेलेली बाई ठाऊक नाही असं नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी अमेरिकेला निघाल्या. पण निघण्याआधी सेरामपूरला जाहीर भाषण करून आपण का जातो आहोत याचा खुलासा त्यांना करावा लागला. डॉक्टर होऊन परतल्या आणि काही महिन्यांतच, १८८७ मध्ये, गेल्या. त्यांच्या धैर्यापुढं हात जोडावेत तेवढे थोडे. मात्र त्या आदर्शाचा एक जाच मागं उरला. एकटी बाई परदेशी जाणार तर काहीतरी भव्य करायला, कुटुंबाचं किंवा देशाचं भलं करायला, शक्यतो स्वतः झिजून. पुरुषालासुद्धा हे थोडंफार लागू होतंच. धर्मानंद कोसंबी ज्ञानाच्या ओढीनं गोव्याहून निघाले, १९०२ मध्ये सिलोनला पोचले, पाली शिकले, पुढं हार्वर्डपर्यंत गेले. मागं पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी राहिल्या. त्यांची विद्वत्ता आपण गौरवतो, बाळाबाईंच्या त्या वर्षांविषयी बोलत नाही. एक माणूस निवांत शिकत असतो तेव्हा दुसरं कोणीतरी घर धरून बसलेलं असतं. मग अधूनमधून पाळी बदलायला काय हरकत आहे?

पाळी बदलण्याची एक रीत आपल्याकडे होतीच: माहेर. पंचमीला, दिवाळीला लेक एकटी येते, चार दिवस कोणी काम सांगत नाही. पण माहेर आईच्या असण्यावर चालतं. आई गेली, भावजय घरात आली, की माहेरी गेलेली लेक पहिल्याच दिवशी पदर खोचून ओट्याशी उभी राहते. पन्नाशीच्या बाईला माहेर नसतं, हे कटू आहे पण खरं आहे. नेमक्या त्याच वयात तिला मोकळीक हवी असते.

परदेशी जाण्यावरचा सर्वांत जड आक्षेप पैशाचा, आणि तो झटकून टाकता येणार नाही. आंबेगावच्या पश्चिमेला, आहुपे-तेरुंगणच्या बाजूला, महादेव कोळी कुटुंबं भातावर आणि हिरड्यावर दिवस काढतात. डिंभे धरणानं त्यांच्यातल्या अनेकांची जमीन घेतली; जुनं आंबेगाव गावच पाण्याखाली गेलं. त्या गावांतली माणसं घर सोडून लांब जातात ती कांदालागणीला, नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभी राहायला. त्यांना मी परदेशातल्या कुंभारकामाचे गोडवे सांगणं निर्लज्जपणाचं होईल. त्यांचा प्रश्न मजुरीचा, हिरड्याच्या भावाचा आणि पाण्याचा आहे, आणि तो आधीचा आहे.

पण पूर्वेकडच्या बागायती घरांत पैशाची सबब चालणार नाही. ज्या घरात साखरपुड्याला हजार पानं उठतात, ट्रॅक्टरला रंगीत दिवे लागतात, नव्या गाडीवर पाटील लिहायला वेगळा खर्च होतो, त्या घरात आग्नेय आशियातले पंधरा दिवस परवडत नाहीत यावर मी विश्वास ठेवणार नाही. अडचण मंजुरीची आहे. "कशाला?" हा प्रश्न तिथं येतो, आणि त्याचं पटेल असं उत्तर देता येत नाही. जर्मन शिकणार म्हटलं तर, नोकरी मिळेल का? थाई स्वयंपाक शिकणार म्हटलं तर, हॉटेल काढणार का? मातीची भांडी म्हटल्यावर तर बोलायलाच नको. अभ्यास दौऱ्यावर निघालेल्या पुरुषाला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्याच्याकडे कागद असतो. तो तिथं नेमकं काय शिकला याची परीक्षा मात्र कोणी घेत नाही, आणि ॲमस्टरडॅमचे फोटो शेडनेटच्या फोटोंपेक्षा जास्त असले तरी कोणी काही म्हणत नाही. परीक्षा घेऊ नयेच. त्याला मिळालेली ही सवलत तिलाही मिळावी, एवढंच.

उलट बाजूचा एक धोकाही बोलून दाखवतो. सुट्टीत शिकण्याचा आता बाजार झाला आहे. तीन तासांत पाच पदार्थ, गळ्यात नावाचा ॲप्रन, शेवटी प्रमाणपत्र. सकाळी सर्फिंग, दुपारी चांदीकाम, संध्याकाळी नाच. हा आराम नाही, हा सुट्टीतला ओव्हरटाइम आहे. माणूस जितका थकून जातो त्याहून थकून परत येतो, फक्त फोनमध्ये जागा उरत नाही. जायचं तर एका गावी जावं, एकच गोष्ट धरावी, अर्धा दिवस शिकावं आणि उरलेला अर्धा दिवस काहीही करू नये. प्रमाणपत्र देऊ केलं तर घेऊ नये. पंधरा दिवसांनीही गोष्ट धड जमली नाही तर तसंच परत यावं. गावात विचारलं, काय शिकून आलीस, तर सांगावं, वाकडी भांडी.

ती भांडी घरात कोणी वापरणार नाही. पण पंधरा दिवस बाई घरी नसताना घरात बरंच काही शिकलं जाईल. भाकरीच्या पिठाला पाणी किती लागतं, तवा तापला हे कसं ओळखायचं, गडी-माणसांचा चहा कितीला, औषधाची फवारणी झाल्यावर पंपवाल्याचे कपडे कोण धुतं. हा फायदा मोजायचाच असेल तर तो त्या घरातल्या पुरुषांच्या खात्यावर मोजावा.

कृषी पर्यटन केंद्रं चालवणाऱ्या कुटुंबांना माझी विनंती आहे, कारण हे त्यांना सर्वांत आधी पटायला हवं. शहरातली बाई तुमच्याकडे येऊन, तुमच्या बायकांच्या हाताखाली शिकून, ताजीतवानी होऊन जाते हे तुम्ही डोळ्यांनी पाहता. ज्या हातांनी ती विश्रांती विकली जाते, त्या हातांना ती विकत घेऊन द्या. कृषी विभागानंही परदेश दौऱ्याच्या अटींत सातबाऱ्याऐवजी शेतात प्रत्यक्ष राबणं धरावं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन बायकांच्या नावावर जमीन करून द्यायला लावली, तिला तीसेक वर्षं उलटून गेली, तरी उताऱ्यावर पुरुषाचंच नाव असेल तर दौऱ्यावरही तोच जाणार. आणि जे घर सरकारची वाट पाहणार नाही, त्यानं पुढच्या द्राक्षाच्या पट्टीचे पैसे आले की आधी तिच्या पासपोर्टचा अर्ज भरावा. पडताळणीला पोलीस घरीच येतात. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे.